क्रोमबुक घ्यायचंय? आधी अपडेटची तारीख विचारा

नाशिकमध्ये एम. जी. रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला दुकानात जाऊन ‘हलका, स्वस्त, इंटरनेटपुरता लॅपटॉप दाखवा’ म्हटलं की काउंटरवर साधारण दोन गोष्टी येतात. एक, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असलेला विंडोज लॅपटॉप. दुसरी, जवळपास त्याच भावातलं क्रोमबुक. पहिल्याचा मोह टाळा. विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. म्हणजे तो लॅपटॉप पहिल्या दिवसापासून काठावर चालतो. मोठा अपडेट आला की जागा पुरत नाही, अपडेट अर्धवट अडकतो आणि सहा महिन्यांत मालक ‘स्लो झालाय’ म्हणून फॉरमॅट मारायला घेऊन येतो.

क्रोमबुकमध्ये क्रोमओएस असते. गाभा लिनक्सचा आणि बहुतेक सगळं काम क्रोम ब्राउझरमध्ये. पहिली क्रोमबुकं २०११ मध्ये विक्रीला आली. ही प्रणाली हलकी असल्यामुळे साध्या हार्डवेअरवरही बरी पळते, आणि अँटीव्हायरस विकत घ्यावा लागत नाही. मात्र ती सगळ्यांसाठी नाही. चुकीच्या माणसाने घेतलं तर आठवड्यात परत करायची वेळ येते.

तुमचं काम ब्राउझरमध्ये मावतं का?

सोपी चाचणी आहे आणि फुकट आहे. सध्याच्या कॉम्प्युटरवर आठवडाभर फक्त क्रोम उघडायचं. जे काम करण्यासाठी क्रोमच्या बाहेर जावं लागलं ते कागदावर लिहून ठेवायचं. आठवड्याअखेर कागद कोरा असेल, किंवा त्यावर फक्त ‘कॅल्क्युलेटर’, ‘फोटो बघणे’ एवढंच असेल, तर क्रोमबुक चालेल. खालच्यापैकी काही लिहिलेलं असेल तर थांबा.

टॅली. टॅली प्राइम विंडोजसाठी आहे, क्रोमबुकवर बसत नाही. दुकानाचे हिशेब टॅलीत असतील तर हा विषय इथेच संपला. त्या पैशांत आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल आय५ असलेला, ८ जीबीचा रिफर्बिश्ड ऑफिस लॅपटॉप घ्या. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून अधिकृतपणे चालते.

डिजिटल सिग्नेचरचं टोकन. जीएसटी पोर्टल क्रोमबुकवर व्यवस्थित उघडतं, रिटर्न भरता येतं. पण यूएसबी टोकनने सही करायची तर त्यासाठीचं सॉफ्टवेअर क्रोमओएसवर चालत नाही. मालकी फर्म असेल तर मोबाइलवर आलेल्या ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने, रिटर्न दाखल होतं आणि अडचण येत नाही. कंपनी आणि एलएलपीला मात्र डिजिटल सिग्नेचर बंधनकारक आहे. बोटांचे ठसे घेणारं यंत्र लावून आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनीही क्रोमबुकच्या भरवशावर राहू नये.

मराठी डीटीपी. श्री-लिपी, कोरल ड्रॉ, जुनं पेजमेकर यांपैकी एकही चालत नाही. लग्नपत्रिका, फ्लेक्स, हँडबिलं करणाऱ्यांना क्रोमबुकचा उपयोग फक्त मेल बघायला. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलासाठी घेत असाल तर ऑटोकॅड, सॉलिडवर्क्सचंही तेच. पायथन, सी, जावा शिकायला मात्र हरकत नाही. सेटिंग्जमधून लिनक्स चालू करता येतं आणि त्यात व्हीएस कोड चालतो. त्यासाठी निदान १०-१५ जीबी जागा मोकळी ठेवा.

परीक्षा. काही ऑनलाइन परीक्षा सेफ एक्झाम ब्राउझरमध्ये, म्हणजे परीक्षा चालू असताना बाकी सगळं बंद ठेवणाऱ्या ब्राउझरमध्ये, घेतल्या जातात. तो विंडोज, मॅक आणि आयपॅडसाठी आहे, क्रोमओएससाठी नाही. मुक्त विद्यापीठाचं असो की कोणत्याही क्लासचं, परीक्षेच्या सूचनापत्रात चालणाऱ्या यंत्रांची यादी दिलेली असते. ती पैसे भरण्याआधी वाचा.

प्रिंटर. यावर कोणी बोलत नाही आणि इथेच बरेच जण फसतात. वाय-फायचा, गेल्या काही वर्षांतला प्रिंटर क्रोमबुकला आपोआप सापडतो. पण नाशिकच्या निम्म्या ऑफिसांत टेबलाखाली जो कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० बसलेला असतो, तो चालत नाही. हे प्रिंटर पान आखायचं काम स्वतः करत नाहीत, कॉम्प्युटरमधल्या कंपनीच्या खास ड्रायव्हरकडून करवून घेतात. तो ड्रायव्हर क्रोमओएसला मिळत नाही. केबल बदलून, हब लावून काही होणार नाही. एक तर प्रिंटर बदला, नाहीतर पीडीएफ फोनवर पाठवून झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढा.

उरलेली रोजची कामं, म्हणजे सातबारा काढणं, महावितरणचं बिल, डिजिलॉकर, सीईटीचे फॉर्म, मीटवरचे वर्ग, गुगल शीट्स, यूट्यूब, सगळी चालतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून डाउनलोड होतो आणि उघडतोही. फक्त सहीवर हिरवी खूण दिसत नाही, कारण क्रोमचा पीडीएफ दर्शक सही पडताळत नाही. कागद खोटा आहे असं समजून दुसऱ्यांदा पैसे भरू नका. त्यावरच्या क्रमांकाने पोर्टलवर पडताळणी होते.

अपडेटची तारीख

प्रोसेसर, रॅम, स्क्रीन यांच्या आधी ही गोष्ट बघायची. प्रत्येक क्रोमबुक मॉडेलला एक ठरलेली तारीख असते. त्या तारखेनंतर गुगलकडून सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. लॅपटॉप बंद पडत नाही, पण ब्राउझर जुना होत जातो, आणि बँकेची व सरकारी पोर्टलं एकेक करून कुरकुर करायला लागतात. ज्या यंत्राचा सगळा संसार ब्राउझरवर आहे, त्याचा ब्राउझर शिळा झाला की हातात फारसं काही उरत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने जाहीर केलं की क्रोमबुकला १० वर्षं अपडेट मिळतील. दुकानदार हे वाक्य सांगतो, पण अर्धं. ती १० वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. ते मॉडेल ज्या पायावर, म्हणजे आतल्या मूळ हार्डवेअरच्या आराखड्यावर, बांधलं आहे, तो पाया पहिल्यांदा बाजारात आला तेव्हापासून मोजतात. पाया २०२१ चा असेल आणि तुम्ही २०२६ मध्ये सीलबंद खोक्यातून काढला, तरी पाचच वर्षं उरली. सेलमधली मोठी सूट बऱ्याचदा याच गेलेल्या वर्षांची असते. २०२१ पासून पुढच्या यंत्रांना १० वर्षं आपोआप लागू आहेत. त्याआधीच्यांना वाढीव मुदत मालकाने सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः स्वीकारावी लागते, आणि तसं केल्यावर काही यंत्रांवर अँड्रॉइड अ‍ॅप्सवर पाणी सोडावं लागतं.

तारीख शोधायचे दोन मार्ग. खोक्यावरचा किंवा लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, टिपून घ्या आणि गुगलच्या ‘ऑटो अपडेट पॉलिसी’ पानावर कंपनीनिहाय यादीत शोधा. यंत्र चालू करून मिळत असेल तर सेटिंग्ज, मग अबाउट क्रोमओएस, मग अ‍ॅडिशनल डिटेल्स. तिथे ‘अपडेट शेड्यूल’समोर महिना आणि साल लिहिलेलं असतं. नवीन घेताना निदान सहा वर्षं शिल्लक हवीत. जुनं घेताना तीन. त्यापेक्षा कमी असेल तर भाव कितीही खाली आला तरी सोडून द्या.

आतलं सामान

क्रोमबुकची रॅम जवळपास नेहमीच बोर्डावर पक्की असते, नंतर वाढत नाही. म्हणून ८ जीबी घ्या. ४ जीबीवर पाच-सहा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढंच सुखाने चालतं. एखादा जड टॅब एकटाच २००-३०० एमबी सहज खातो. रॅम संपली की ओळख सोपी आहे: मागच्या टॅबवर परत गेलात की तो पहिल्यापासून लोड होतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म गेलेला असतो. शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज भरताना हे एकदा झालं की ४ जीबीत वाचवलेले पैसे डोळ्यासमोर येतात. बजेट अगदीच नसेल आणि ४ जीबीच घ्यावं लागलं, तर प्ले स्टोअर चालूच करू नका. अँड्रॉइडचा डोलारा मागे चालू राहिला की रॅमचा मोठा घास तिथेच जातो.

साठवण ६४ जीबी पुरते, ३२ नको. ३२ मधली चांगली मोठी जागा प्रणालीच घेते. स्वस्त मॉडेलांत ईएमएमसी प्रकारची साठवण असते, बोर्डावर चिकटवलेली; ती गेली की दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवा बोर्ड. एसएसडी मिळत असेल तर उत्तमच.

प्रोसेसरच्या नावांत फार शिरू नका, पण काही गोष्टी लक्षात असू द्या. सेलेरॉन एन४०२० दोन कोरचा, २०१९ चा; आता घ्यायचा नाही. सेलेरॉन एन४५०० हाही दोनच कोरचा; शाळकरी मुलाला चालेल. इंटेल एन१०० ला चार कोर आहेत, २०२३ चा आहे, आणि घरगुती कामाला तोच समाधानाचा. मीडियाटेकच्या कोंपॅनिओ मालिकेत ५०० आणि ५२० साधे, ८३८ बरा. बॅटरी मात्र या तिन्ही मीडियाटेकवर छान टिकते. यातली बरीच मॉडेलं पंख्याशिवाय येतात. अंबड-सातपूरच्या शेडमध्ये, किंवा बांधकामाच्या साइटवर वापरणार असाल तर पंखा नसलेलंच बघा, धूळ खेचायला जागाच राहत नाही.

खोक्यावर ‘क्रोमबुक प्लस’ लिहिलेलं असेल तर किमान ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, फुल एचडी आयपीएस (कुठल्याही बाजूने रंग नीट दिसणारी) स्क्रीन, १०८० पी कॅमेरा, आणि बाराव्या पिढीचा आय३ किंवा रायझन ३ ७००० मालिका किंवा त्यावरचा प्रोसेसर, एवढं ठरलेलंच असतं. ऑक्टोबर २०२३ पासूनची ही वर्गवारी. रोज आठ तास काम करणाऱ्याने थेट तिथे जावं. पण त्या भावात चांगला विंडोज लॅपटॉपही येतो, तेव्हा कोरा राहिलेला तो कागद पुन्हा एकदा बघा.

स्क्रीन, वजन, चार्जर

११.६ इंची क्रोमबुकचं वजन साधारण १.१ ते १.३ किलो, १४ इंचीचं १.४ ते १.५. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला हा फरक खांद्यावर कळतो. उभ्याने प्रवास होतो तेव्हा जास्तच. मात्र ११.६ इंची स्क्रीन बहुतेक १३६६ गुणिले ७६८ ची असते आणि शीटमधले रकाने तिच्यात मावत नाहीत. घरात एकाच टेबलावर राहणार असेल तर १४ इंची फुल एचडी घ्या. दुकानात स्क्रीन मागे कलवून वरून बघा: रंग उलटे किंवा धुरकट दिसले तर पॅनल टीएन प्रकारचं आहे, आयपीएस नाही. कॅमेऱ्यासमोर मान हलली की चेहरा काळपट दिसणारी हीच ती स्क्रीन.

चार्जर यूएसबी-सी, बहुधा ४५ वॉटचा. त्यावर १५ व्होल्ट ३ अँपिअर किंवा २० व्होल्ट २.२५ अँपिअर असं छापलेलं असतं. फोनचा चार्जर ‘६७ वॉट’ असला तरी त्यातले बरेच आपल्याच कंपनीच्या फोनला तेवढे वॉट देतात. क्रोमबुकला लावल्यावर ‘लो पॉवर चार्जर’ असा संदेश येतो आणि चालू लॅपटॉपची बॅटरी चढण्याऐवजी उतरत राहते. दुसरा चार्जर घेताना त्यावर ‘पीडी ४५ वॉट’ (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी) आणि बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण दोन्ही बघा. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या गावांत जिथे वीज वेळापत्रकाने येते, तिथे हिशेब असा: साधं ब्राउझिंग ५ ते ८ वॉट घेतं, ४२ वॉट-तासाची बॅटरी त्यावर पाच ते आठ तास निघते. २०,००० एमएएचची, ४५ वॉट पीडी देणारी पॉवर बँक एक पूर्ण चार्ज देते. शक्यतो दोन्ही बाजूंना यूएसबी-सी असलेलं मॉडेल घ्या. एक तोंड सैल झालं तर दुसरं राहतं.

जुनं घेताना

सेकंड हँड बाजारात ११.६ इंची, रबरी कडांची, जाडजूड क्रोमबुकं फार स्वस्त मिळतात. ही बहुतेक परदेशी शाळांनी घाऊक वापरून काढून टाकलेली. यंत्रं दणकट असतात, पण त्यांत दोन सापळे आहेत. एक तारखेचा, तो वर सांगितला. दुसरा शाळेच्या कुलपाचा. शाळेने आपल्या यादीतून यंत्र काढलेलं नसेल, तर सगळं पुसून टाकलं तरी इंटरनेटला जोडताच ते पुन्हा शाळेच्या ताब्यात जातं आणि तुमच्या जीमेलने आत शिरू देत नाही. ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. ते कुलूप शाळेचा अ‍ॅडमिनच काढू शकतो.

म्हणून पैसे देण्याआधी, विक्रेत्यासमोर, एवढं करा:

१. यंत्र चालू करा. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात ‘मॅनेज्ड बाय’ आणि कुठल्या शाळेचं नाव दिसलं तर तिथूनच परत फिरा.
२. नाही दिसलं तरी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर एकदम दाबून ‘पॉवरवॉश’ करा, म्हणजे सगळं पुसून यंत्र कोरं करा. काही मिनिटं लागतात.
३. पुन्हा सुरू झाल्यावर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट जोडा. ही पायरी टाळली तर आधीच्या दोन फुकट, कारण कुलूप इंटरनेट मिळाल्यावरच जागं होतं. विक्रेता म्हणेल ‘नेट घरी जोडा’. तेव्हा निघा.
४. स्वतःच्या खात्याने आत जा आणि अपडेट शेड्यूल वाचा.
५. लाँचरमध्ये ‘डायग्नोस्टिक्स’ शोधा. त्यात बॅटरी हेल्थ टक्क्यांत आणि सायकल, म्हणजे पूर्ण चार्जच्या फेऱ्या, किती झाल्या ते दिसतं. हेल्थ ७५ च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करून बोला.
६. चार्जर दोन्ही तोंडांत लावून पिन हलकेच हलवा. चार्जिंग तुटत असेल तर आतला पोर्ट जातोय.

शाळेतल्या पोरांनी बटणं उचकटलेली असतात, तेव्हा प्रत्येक की दाबून बघा. स्क्रीन फुटली तर फार घाबरायचं कारण नाही: बिनटचच्या मॉडेलांत बहुतेक ३० पिनचं सर्वसाधारण पॅनल असतं, लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. टचस्क्रीनचं पॅनल मात्र महागात पडतं.

दुकानात

शोरूममधलं यंत्र डेमो मोडमध्ये असतं, त्यामुळे त्यावरचे व्हिडिओ बघून काही कळत नाही. गेस्ट म्हणून उघडून द्यायला सांगा. दहा टॅब उघडा: दोन बातम्यांची पानं, एक यूट्यूब, एक नकाशा, बाकी काहीही. मग सर्च आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती रॅम खातोय ते दिसतं. पहिल्या टॅबवर परत गेल्यावर तो पुन्हा लोड झाला तर रॅम कमी पडतेय. पाच मिनिटं टाइप करूनही बघा. कॅप्स लॉकच्या जागी सर्चची कळ असते आणि डिलीट बहुधा नसतेच. सर्च आणि बॅकस्पेस मिळून डिलीटचं काम होतं.

वॉरंटीबद्दल एकच प्रश्न विचारा: माणूस घरी येणार की यंत्र घेऊन जायचं, आणि जायचं असेल तर नाशिकमध्ये की पुण्या-मुंबईला? ‘ऑल इंडिया वॉरंटी’ हे त्याचं उत्तर नव्हे. कंपनीच्या साइटवर आपला पिन कोड टाकून सर्व्हिस सेंटर बघा. व्यवसायासाठी घेत असाल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि नियमात बसत असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि मॉडेल क्रमांकाची शेवटची अक्षरं जाहिरातीशी ताडून बघा. एकाच नावाखाली ४ आणि ८ जीबी दोन्ही विकले जातात.

घरात पडलेला लॅपटॉप असेल तर

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे चांगले चालणारे बरेच लॅपटॉप कपाटात गेले आहेत. त्यावर क्रोमओएस फ्लेक्स फुकट टाकता येते. ६४ बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १६ जीबी साठवण एवढं हवं. २०१० च्या आधीचं यंत्र नको. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, क्रोममध्ये ‘क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी’ हे एक्स्टेन्शन टाकून त्यावर फ्लेक्स उतरवा, लॅपटॉप त्या ड्राइव्हवरून सुरू करा. आधी बसवू नका, ड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासा. सगळं ठीक असेल तरच बसवा, कारण बसवताना जुनी डिस्क पूर्ण पुसली जाते. फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर नसतं.

पहिल्या संध्याकाळी

खातं जोडलं की आधी अपडेट घ्या. खोक्यातली आवृत्ती जुनी असते. हे घरच्या वाय-फायवर करा. पुढे फोनच्या हॉटस्पॉटवर वापरणार असाल तर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाचं, म्हणून नोंदवा, नाहीतर दिवसाचा डेटा एखाद्या अपडेटमध्येच जाईल.

सेटिंग्जमधल्या इनपुटच्या यादीत मराठीचं लिप्यंतरण जोडा. रोमन अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटते, आणि कंट्रोल-स्पेसने इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते.

गाडीत किंवा गावी काम करायचं असेल तर ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑफलाइन’ चालू करा आणि लागणारी फाइल निघण्याआधी एकदा उघडून ठेवा. इगतपुरी सोडल्यावर कसाऱ्यापर्यंत घाटात आणि बोगद्यांत रेंज जाते. तिथे लिहिलेलं यंत्रातच साठतं आणि रेंज आली की वर चढतं. डाउनलोड्समधल्या फाइलींचं मात्र तसं नाही. त्या फक्त यंत्रात राहतात, पॉवरवॉश केलं की जातात, आणि खात्याचा पासवर्ड विसरलात तरी जाऊ शकतात. मार्कशीट, सातबारा, बिलं जे काही डाउनलोड कराल ते त्याच वेळी ड्राइव्हमध्ये टाका. तिथे १५ जीबी फुकट असतात, पण तेवढ्यातच जीमेल आणि फोनचे फोटोही बसतात, म्हणून फोनवरच्या व्हिडिओंनी ती जागा आधीच भरलेली नाही ना, ते बघून घ्या.